पक्का हवाला, जईफ हवाला

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यातली गोष्ट. नववीच्या मुलींना मी दहा उर्दू शब्द दिले होते. शाळेच्या संगणकावर आमचा छोटासा उर्दू-मराठी कोश आहे, त्यात शोधून मराठी प्रतिशब्द वहीत लिहायचे होते. एका मुलीची वही तपासताना नऊ शब्द बरोबर निघाले. दहावा शब्द होता ‘विरासत’. त्याच्यासमोर तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘मराठीत शब्द नाही.’

मी वही हातात धरून बसूनच राहिले. अरबीतला ‘वारिस’ उर्दूत आला तसाच मराठीतही आला आणि ‘वारस’ झाला. त्याच्यापासून ‘वारसा’. विरासत आणि वारसा म्हणजे एका घरातल्या दोन बहिणी. आणि आमच्याच कोशाने आमच्याच मुलीला सांगितलं, की त्यातली एक बहीण नाहीच. मुलीला बोलावून विचारलं तर ती म्हणाली, “टीचर, कॉम्प्युटर पे लिखके आया, शब्द सापडला नाही.” मी तिच्यादेखत त्याच संगणकावर ‘विरासत’ टाइप केलं. लगेच ‘वारसा’ आला. मुलगी घाबरली, तिला वाटलं आता आपण खोटं बोललो असं ठरणार.

ती खोटं बोलत नव्हती. कोशातले शब्द मी तीन वर्षं जमवलेले, पण त्याचा प्रोग्राम माझ्या भाच्याने लिहिलेला. तो पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. दोन रात्री डोकं घालून त्याने चूक शोधली आणि फोन केला. म्हणाला, “खाला, लफ्ज था. पूछा तब था. लेने गए तब नहीं था.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी संगणकाची नाही, बी.एड. केलेली भाषेची शिक्षिका आहे. तरी भाच्याकडून समजून घेत, मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की या एका चुकीमागे साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे. मोठमोठ्या माणसांनी ही चूक केली, सुधारली, पुन्हा नव्या रूपात केली. तो इतिहास मला जसा समजला तसा सांगते.

सुरुवात ‘हवाला’ या शब्दापासून करू. मराठीत हवाला म्हटलं की आता काळ्या पैशाची देवघेव आठवते. पण उर्दूत हवाला म्हणजे संदर्भ. कुठल्या पुस्तकातून घेतलं, कोणाच्या सांगण्यावरून सांगितलं, ते. मराठी वर्तमानपत्रंही ‘सूत्रांच्या हवाल्याने’ लिहितात, तो हाच हवाला. संगणकाच्या मेमरीतही वस्तू नुसती पडून नसते. प्रोग्रामात कुठेतरी तिचा हवाला असतो, म्हणजे ती कुठे ठेवली आहे याची नोंद. ज्या वस्तूचा एकही हवाला कुठे उरला नाही, ती असून नसल्यासारखी. तिची जागा मोकळी करून दुसऱ्याला द्यायला हवी. प्रश्न एवढाच, की शेवटचा हवाला सुटला हे ओळखायचं कोणी?

आमच्या मोहल्ल्यात जमातीच्या मालकीच्या मोठ्या देगा आहेत. लग्न असो, अकिका असो, ज्याला हवी त्याने नाव नोंदवून न्यायची. आता कुठली देग मोकळी आहे हे दोन रीतींनी कळू शकतं. एक म्हणजे साठा संपला की कोणीतरी मोहल्लाभर फिरायचं, वापरात असलेल्या प्रत्येक देगेवर खडूने खूण करायची आणि खूण नसलेल्या सगळ्या देगा उचलून आणायच्या. दुसरी रीत अशी, की प्रत्येक देगेच्या नावाने वहीत आकडा ठेवायचा. तीन घरं वापरत असतील तर तीन. एकाचं काम झालं की दोन. शून्य झाला की देग त्याच क्षणी परत. संगणकाच्या जगात या दोन्ही रीती एकाच वर्षी छापून आल्या. १९६० साली.

पहिली रीत जॉन मॅकार्थी यांची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ते लिस्प नावाची भाषा घडवत होते. यंत्र होतं आयबीएम ७०४. लिस्पमध्ये याद्यांना याद्या जोडलेल्या असतात, एकच यादी अनेक ठिकाणांहून वापरली जाते. ती कधी पुसायची हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचं म्हटलं तर चुका ठरलेल्या. वहीतल्या आकड्याची रीत त्यांनाही सुचली होती. पण ७०४ च्या एका शब्दात ३६ बिट. पंधरा-पंधरा बिटांचे दोन पत्ते त्यात बसवले की उरतात सहा, आणि तेही एका जागी नाहीत, विखुरलेले. आकडा लिहायला कागदावर जागाच नाही म्हणून त्यांनी खडूची रीत घेतली. मोकळी जागा संपली की काम थांबवायचं, जे पोचण्याजोगं आहे त्यावर खूण करायची, बाकीचं गोळा करायचं. एप्रिल १९६० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज ज्याला सगळे ‘गार्बेज कलेक्टर’ म्हणतात तो शब्द त्यांच्या गटात तेव्हा वापरात होता, पण निबंधात नव्हता. छापील निबंधात तो वापरायला आपण कचरलो, असं त्यांनी पुढे गमतीने लिहून ठेवलं आहे.

याच कलेक्टरची एक फजिती मॅकार्थींनी स्वतः सांगितली आहे. उद्योगजगतातले पाहुणे एमआयटीत आले होते, त्यांच्यापुढे लिस्पचं पहिलंवहिलं प्रात्यक्षिक चाललं होतं. सेकंदाला दहा अक्षरं या गतीने यंत्र उत्तरं टाइप करत होतं. सगळं ठीक चाललेलं असताना मध्येच मोकळी जागा संपली आणि यंत्र अचानक वेगळंच काही टाइप करू लागलं. कचरा गोळा करणाऱ्याला बोलावण्यात आलं आहे, त्याची काही रंजक आकडेवारी पुढे देत आहोत. आणि ती आकडेवारी संपेचना. पाहुण्यांना या कचरेवाल्याबद्दल कोणी आधी काही सांगितलंच नव्हतं. व्याख्याता आणि श्रोते दोघेही हसून बेजार झाले, वेळ संपून गेली. हसण्यावारी गेली तरी या गोष्टीत एक खरी अडचण दिसते. कलेक्टर केव्हा येईल हे आपल्या हातात नसतं, आणि तो आला की बाकी सगळ्यांनी थांबायचं.

दुसरी रीत, आकड्याची, जॉर्ज कॉलिन्स यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात मांडली. हिच्यात थांबणं नाही. शेवटच्या माणसाने हात सोडला की वस्तू तिथल्या तिथे मोकळी. पण १९६३ साली मॅकबेथ नावाच्या वाचकाने त्याच नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहून हिची खोट दाखवली. देगेचंच उदाहरण घ्या. देग का ठेवली आहे? तिचं झाकण इथे आहे म्हणून. झाकण का ठेवलं आहे? त्याची देग इथे आहे म्हणून. दोघांच्या नावापुढे आकडा एक. घरात स्वयंपाक नाही, माणूस नाही, पण वहीप्रमाणे दोन्ही वापरातच. असं वर्तुळ आकड्याला कधीच सुटत नाही.

यावर तोड म्हणून, आणि इतरही कामांसाठी, पुढे दुबळ्या हवाल्याची कल्पना रुजली. मूळ नावाप्रमाणे म्हणायचं तर ‘वीक रेफरन्स’. उर्दूत दुबळ्याला, म्हाताऱ्याला जईफ म्हणतात, जुन्या मराठीतही हा शब्द आहे, म्हणून मी त्याला जईफ हवाला म्हणते. पक्का हवाला म्हणजे वहीत नाव. नाव आहे तोवर देग हलत नाही. जईफ हवाला म्हणजे नुसती माहिती. ‘मोठी देग सध्या अमक्यांकडे आहे’ हे मला ठाऊक आहे, पण त्यामुळे देगेवर माझा हक्क नाही. माझ्या माहितीसाठी ती कोणी अडवून ठेवणार नाही. झाकणाने देगेला जईफ हवाल्याने धरलं की वर्तुळ सुटलं. देग परत गेली की पाठोपाठ झाकणही जातं. १९८० च्या दशकात लिस्पच्या कुळातल्या काही भाषांत हे आलं, आणि नंतर जवळजवळ प्रत्येक मोठ्या भाषेने ते घेतलं.

आमच्या कोशात भाच्याने हेच वापरलं होतं. शाळेचा संगणक जुना, मेमरी थोडी. प्रत्येक शब्दाची नोंद, म्हणजे अर्थ, उदाहरणं, लिंग, अनेकवचन, फाइलमधून वाचायला वेळ लागतो. म्हणून एकदा वाचलेली नोंद तो जईफ हवाल्याच्या एका यादीत ठेवत असे. कोणी ती वापरत असेल तोवर ती यादीत सापडते, शेवटच्या वापरणाऱ्याचं काम झालं की आपोआप गळून पडते. मेमरी भरत नाही. हिशेब चोख होता. चुकला कुठे, ते समजायला इतिहासाची दुसरी बाजू पाहावी लागेल.

ती बाजू म्हणजे थ्रेड. एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणारी अनेक कामं, जणू एकाच स्वयंपाकघरात चार बायका. आमच्या कोशात प्रत्येक मुलीच्या प्रश्नासाठी एक वेगळा थ्रेड धावतो. मॅकार्थींच्या काळी काम करणारा एकच होता, म्हणून ‘थांबा, मी झाडून घेतो’ म्हणणं सोपं होतं. १९७० च्या दशकात प्रश्न पुढे आला, की एकाने झाडत राहायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी काम करत राहायचं, हे जमेल का? १९७५ मध्ये गाय स्टील यांनी यावर निबंध लिहिला. नेदरलँड्सचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी लेस्ली लॅम्पोर्ट आणि आणखी तिघांबरोबर लिहिलेला निबंध १९७८ मध्ये छापून आला. त्यांनी वस्तूंना तीन रंग दिले. अजून न पाहिलेली पांढरी, पाहिली पण तिच्यापासून निघणाऱ्या वाटा तपासायच्या राहिल्या ती करडी, पूर्ण तपासलेली काळी. भीती अशी, की झाडणारा एक खोली तपासून पुढे गेला आणि काम करणाऱ्याने तेवढ्यात न तपासलेली वस्तू आणून त्या तपासलेल्या खोलीत ठेवली, तर? झाडणारा परत तिथे येणार नाही. वस्तू पांढरी राहील आणि वापरात असूनही कचऱ्यात जाईल. म्हणून नियम केला, की काम करणाऱ्याने नवा दुवा जोडला की ती वस्तू करडी करायची.

मला या निबंधाची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आपली चूक लपवली नाही. त्यांची आधीची एक मांडणी प्रसिद्धीला गेलेली होती आणि तिच्यात दोष निघाला. दोष दोन छोट्या पायऱ्यांच्या क्रमात होता. आधी हे करायचं की ते, एवढाच. एका वेळी एकच माणूस काम करत असेल तर त्या क्रमाने काही बिघडत नाही. दोघे असतील तर दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत दुसरा शिरतो. डाइक्स्ट्रासारख्या माणसाच्या नजरेतून ही फट सुटली होती, हे वाचून माझा भाच्यावरचा राग गेला.

तिसरा धागा शेवटच्या क्षणाचा आहे. वस्तू मरताना तिला काही आवरायचं असतं. उघडलेली फाइल बंद करायची, घेतलेलं कुलूप सोडायचं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा भाषा आणली तेव्हा तिच्यात थ्रेड पहिल्यापासून होते आणि ‘फायनलाइज’ नावाची सोयही होती. वस्तू जाण्याआधी तिचं हे शेवटचं काम यंत्र आपणहून चालवील, असं आश्वासन. दिसायला दयाळू वाटणारी ही सोय पुढे डोकेदुखी ठरली. शेवटचं काम कधी होईल याची खात्री नाही, कदाचित होणारच नाही. दोन वस्तूंपैकी आधी कोणाचं होईल, सांगता येत नाही. ते काम कुठल्या थ्रेडवर होईल तेही लिहिणाऱ्याच्या हातात नाही. आवरणारा संथ असला तर मरणाऱ्यांची रांग लागते आणि मेमरी भरत जाते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की मरणारी वस्तू आपल्या शेवटच्या कामात स्वतःचाच पक्का हवाला कुठेतरी लिहून ठेवू शकते. म्हणजे ती पुन्हा जिवंत! प्रोग्रामरही याला पुनरुज्जीवनच म्हणतात. आणि दुसऱ्यांदा मेली तर तिचं शेवटचं काम पुन्हा चालवलं जात नाही.

डिसेंबर १९९८ मध्ये जावाच्या १.२ आवृत्तीत हवाल्यांची प्रतवारी आली. पक्क्याच्या खाली मऊ, जो मेमरीची चणचण भासली तर सोडून द्यायचा. त्याच्या खाली जईफ. आणि सगळ्यात खाली छाया-हवाला, ज्याच्यातून वस्तू कधीच परत मिळत नाही. तो फक्त ती गेल्यावर निरोप देतो. वस्तू हातातच येत नाही, त्यामुळे पुनरुज्जीवनाचा प्रश्नच मिटला. जुन्या सोयीने जे बिघडवलं होतं त्याचं उत्तर या शेवटच्या प्रतीत होतं, पण ते सर्वमान्य व्हायला जवळपास वीस वर्षं गेली.

मधल्या काळात, २००३ साली, हॅन्स बोम यांनी या सगळ्याची मुळातून चिकित्सा केली. त्यांनी स्वतः सी आणि सी++ साठी कलेक्टर लिहिलेला, त्यामुळे अनुभवाचे बोल होते. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू गेल्यावर कलेक्टर जी आवराआवर करतो ती स्वभावतःच बाकीच्या कामाशी समांतर चालते. तुम्ही प्रोग्राम एकाच थ्रेडचा लिहिला असला तरी आवरणारा हा दुसरा माणूस घरात आहेच. तो आहे हे मान्य करून कुलपं लावा. तुमच्याच हातात कुलूप असताना मध्येच तुमच्याच हातून आवराआवर करून घ्यायला गेलं तर घोटाळा होणार. त्याहून धक्कादायक म्हणजे, वस्तूचं काम अजून अर्धवट चालू असतानाही तिला मृत मानलं जाऊ शकतं. काम चालू आहे, पण त्या कामाला यापुढे वस्तूची गरज दिसत नाही, एवढ्यावरून यंत्र ठरवतं की हवाला सुटला. २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत ‘अमुक ठिकाणापर्यंत ही जिवंत धरा’ असं बजावून सांगण्याची सोय आली, ‘क्लीनर’ हा नवा आवरणारा आला आणि फायनलाइज वापरू नये अशी सूचनाही त्याच आवृत्तीत आली. मार्च २०२२ मध्ये अठराव्या आवृत्तीत, पुढे हे काढूनच टाकणार आहोत, असं जाहीर झालं. १९९५ ची चूक २०२२ मध्ये निरोपाच्या दारात आली.

आता विरासत या शब्दाकडे परत येते. त्या दिवशी काय झालं ते भाच्याने मला पायरीपायरीने सांगितलं. एका मुलीने ‘विरासत’ शोधला, नोंद यादीत आली. तिचं पान दाखवून होत असतानाच या दुसऱ्या मुलीचा थ्रेड आला. त्याने यादीला विचारलं, ‘विरासत आहे का?’ यादी म्हणाली, ‘आहे.’ त्याच निमिषात पहिल्या मुलीचं काम संपलं, शेवटचा पक्का हवाला सुटला, नोंद गळून पडली. दुसरा थ्रेड पुढच्या पायरीवर नोंद उचलायला गेला तर जागा रिकामी. आणि भाच्याने लिहून ठेवलं होतं, की जागा रिकामी निघाली तर ‘शब्द सापडला नाही’ असं दाखवायचं. मी फोन करून विचारते, देग आहे का? हो आहे. मुलांना हातगाडी देऊन पाठवते, तोवर देग दुसऱ्याच्या दारात. विचारण्यात चूक नाही, उत्तरात चूक नाही. विचारणं आणि उचलणं यांच्या मधल्या फटीत चूक आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि सगळ्या भाषांत एकच आहे. विचारायचं आणि धरायचं, ही एकच क्रिया करायची. सी++ भाषेच्या २०११ च्या प्रमाणात जईफ हवाल्याला दोन प्रश्न विचारता येतात. एक, ‘संपली का?’ आणि दुसरा, ‘असेल तर माझ्या हातात पक्की दे, नसेल तर रिकामा हात दे.’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘संपली’ असं आलं तर ते खरं धरावं. पण ‘नाही, अजून आहे’ असं आलं तर दुसरे थ्रेड चालू असताना त्याला काही अर्थ नाही, कारण ऐकेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. आहे या बातमीचा भरवसा वस्तू हातात आल्यावरच.

पायथन भाषेत, ज्यात आमचा कोश आहे, जईफ हवाले एप्रिल २००१ मध्ये २.१ आवृत्तीबरोबर आले. तिथल्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच इशारा आहे, की जिवंत आहे का हे वेगळं तपासू नका. आधी वस्तू हातात घ्या आणि मग हात रिकामा आहे का ते पाहा. भाच्याने ते वाचलं नव्हतं. मी त्याला विचारलं, “अरे, पुस्तकात लिहिलेलं असताना?” तो हसला. म्हणाला, “खाला, तुमच्या मुली तरी धड्याखालच्या सूचना वाचतात का?”

त्याला टोमणा मारण्याआधी मला पुढचं कळायला हवं होतं. पायथन भाषेला आतून एक मोठं कुलूप आहे. ग्लोबल इंटरप्रिटर लॉक त्याचं नाव. एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू द्यायचं, हे त्याचं काम. या कुलपाच्या आडोशाला पायथनच्या आतल्या सी भाषेतल्या भागात एक सोपी रीत वर्षानुवर्षं चालत आली. जईफ हवाल्यातून वस्तू मागितली की ती उसनी मिळायची, म्हणजे वहीत नाव न लावता. नाव लगेच पुढच्या पायरीवर लावायचं. कुलूप असल्यामुळे मधल्या फटीत कोणी शिरत नसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आली, आणि तिच्यात हे मोठं कुलूप काढून चालणारी आवृत्ती प्रयोग म्हणून दिली गेली. कुलूप निघालं तशी जुनी फट उघडी पडली. उसनी वस्तू हातात आहे, नाव लावायला वही उघडतो आहे, तेवढ्यात दुसऱ्याने शेवटचा हात सोडला, तर? म्हणून त्याच आवृत्तीत उसनं न देता थेट पक्का हवाला देणारी नवी रीत आली, आणि जुनी सोडून द्या असं सांगण्यात आलं. डाइक्स्ट्रांच्या दोन पायऱ्यांची गोष्ट शेहेचाळीस वर्षांनी पुन्हा एकदा. ती फट बंद झाली नव्हती, मोठ्या कुलपामुळे दिसत नव्हती एवढंच.

आमच्या कोशातली फट मात्र या आतल्या कुलपाने झाकली नव्हती. कारण ते कुलूप दोन पायऱ्यांच्या मध्ये एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं, आणि आमच्या पायऱ्या दोन होत्या. भाच्याने त्या एक केल्या. आता प्रोग्राम विचारत नाही, सरळ हात पुढे करतो. हात भरला तर नोंद पक्की धरलेली असते, दाखवून होईपर्यंत ती कुठे जात नाही. हात रिकामा राहिला तर फाइलमधून पुन्हा वाचतो. “पैले हात पकडो, फिर पूछो,” असं त्याने मला एका ओळीत समजावलं.

पण माझ्या मते खरी चूक आणखी एक होती, आणि ती थ्रेडची नव्हती. ‘आत्ता माझ्या हाताला लागलं नाही’ याचं भाषांतर प्रोग्रामने ‘शब्द नाही’ असं केलं होतं. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते भाषा शिकवणाऱ्याला सांगायला नको. उर्दू शाळेतून मराठी कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पावलोपावली भेटणारी गोष्ट हीच असते. तिच्या घरातले अर्धे शब्द मराठीत आहेत, रोज बोलले जातात, सातबाऱ्यावर आणि कोर्टाच्या कागदांवर लिहिलेले आहेत. त्या शब्दांचा हवाला कोणी तिच्या हातात वेळेवर दिला नाही, तर ती ते नाहीतच असं समजून चालते. आणि एकदा स्वच्छ अक्षरात वहीत लिहिलं की ते तिच्यापुरतं खरं होऊन बसतं. यंत्राचं चुकलेलं उत्तर पुढच्या क्षणी दुरुस्त होतं, वहीतलं होत नाही.

म्हणून मी भाच्याला संदेशही बदलायला लावले. आता कोशात दोन वेगळी उत्तरं येतात. फाइलमध्येच नोंद नसेल तर ‘हा शब्द कोशात अजून घेतलेला नाही, टीचरना सांगा’. दुसरी काही अडचण आली तर ‘आत्ता दाखवता आला नाही, पुन्हा शोधा’. ‘मराठीत शब्द नाही’ असं ठरवण्याचा अधिकार यंत्राला नाही. तसा तो मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि सांगितलं की तिने जे पाहिलं तेच लिहिलं होतं, चूक आमच्या कोशाची होती. मग फळ्यावर वारिस, वारस, विरासत, वारसा असे चार शब्द ओळीने लिहिले. तिने वहीतली ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी ओळ लिहिली, ‘वारसा. आहे.’ आणि तारीख टाकली.